हिरवं रक्त

फज्रची नमाज झाली, की जानमाज घडी करून मी कात्री घेऊन गच्चीवर जायचे. २००५ ते २००९, चार वर्षांहून जास्त काळ हा नेम चालला. कठड्याच्या सावलीत सात ट्रे मांडलेले असत. मोहल्ल्यातल्या बेकरीतून आणलेले, पाव भाजून भाजून काळे पडलेले पत्र्याचे ट्रे. खिळा ठोकून त्यांच्या तळाला भोकं पाडली होती. एकेक ट्रे एकेका वाराचा. सोमवारी पेरलेला गहू पुढच्या सोमवारी कापायचा, मंगळवारचा मंगळवारी. कापून झालं, की जुनी मुळं उपटून माती उलटीपालटी करायची आणि फडक्यात बांधून मोड आणलेला नवा गहू परत पसरायचा.

शेजारच्या काकूंची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे. कपडे वाळत घालायला आल्या, की त्या हसून म्हणायच्या, "बाई, तुमच्याकडं बारा महिने घट बसल्यात की!" नवरात्रात त्यांच्या देव्हाऱ्यापुढं पत्रावळीवरच्या मातीत जे उगवतं, तेच आमच्या गच्चीवर रोज उगवत होतं. फरक एवढाच, की त्यांचे अंकुर दसऱ्याला टोपीत खोवले जात आणि आमचे मिक्सरमध्ये जात.

गहू काही मला नवा नव्हता. आमच्या मिरजेच्या घरात तो मोहरमच्या खिचड्यासाठी भिजायचा, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक काढण्यासाठी तीन-तीन दिवस भिजायचा. पण गहू पेरून त्याचं दाणा न धरलेलं गवत कापायचं आणि त्याचा रस माणसानं प्यायचा, हे मी निवृत्त होईपर्यंत ऐकलं नव्हतं. मराठी शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं. निवृत्तीनंतर मी स्वतःच विद्यार्थी झाले, तेही एका आजाराची.

माझा नातू २००१ साली जन्मला. आम्ही त्याला मुन्ना म्हणतो. सात-आठ महिन्यांचा झाला तरी अंगाला रंग चढेना. दूध ओकायचा, पोट फुगलेलं, सतत किरकिर. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं दात येतायत. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात मन्नत बोलून झाली, दम केलेलं पाणी झालं. मग तपासणी झाली आणि एक शब्द घरात आला, थॅलसेमिया. मोठा प्रकार, मेजर. या मुलाच्या शरीरात नीट रक्त तयार होणार नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागेल, आणि हे जन्मभर चालेल, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं.

केसपेपरच्या मागच्या बाजूला त्यांनी चार गोल काढले. आई-वडील दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला असेल, म्हणजे दोघं 'मायनर' असतील, तर दर वेळी चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन शक्यता आई-बापांसारख्या मायनर मुलाची, आणि एक पूर्ण निरोगी मुलाची. माझ्या भाभीनं ते ऐकलं आणि घरी येऊन ती म्हणाली, "एक होऊन गेला ना, आता पुढचे तिघं चांगले होतील." असं वाटणारी ती एकटी नव्हती. मी गणित शिकवलेली बाई, मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. फासा दर वेळी नव्यानं पडतो, हे डॉक्टरांना दोनदा सांगावं लागलं.

त्या चार गोलांकडे बघताना दुसरंच गणित माझ्या डोक्यात चाललं होतं. मुन्नाचा बाप माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, माझा भाचा. लेक भावाच्या घरी दिली, ती मीच. पोरगी परक्या घरात कशाला, डोळ्यांसमोर राहील, भाईजानचं घर म्हणजे माहेरच, असं म्हणून १९९९ साली मी स्वतः हा रिश्ता जमवला होता. लेक तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं 'नाही' म्हटलं नव्हतं, पण 'हो' तरी कुठं म्हटलं होतं?

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. लेक मायनर, जावई मायनर, भाईजान मायनर, आणि मीही. जन्मभर माझं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास. बाळंतपणात, नंतर शाळेत असताना, किती लोहाच्या गोळ्या आणि टॉनिकच्या बाटल्या रिचवल्या असतील! काट्याला फरक नाही. दर डॉक्टर म्हणायचा, "बाई, पालेभाजी खात जा." आता कळलं, की मला लोहाची कमतरता नव्हतीच. अम्मी नाहीतर अब्बांकडून ते माझ्याकडे आणि भाईजानकडे आलं होतं, आणि आम्ही दोघा बहीण-भावांनी ते मोठ्या प्रेमानं, मेहंदी-हळद लावून, एकत्र आणून ठेवलं होतं.

लेक मला यावरून एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गव्हांकुर आले ते अशा मनात. २००५ च्या सुरुवातीला माझ्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण आणून दिलं. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता. थॅलसेमियाची काही मुलं घरी गव्हाचं गवत लावून रोज साधारण १०० मिलिलिटर रस घेत होती. सोळा मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या आठ जणांना रक्ताची गरज पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त कमी लागली. ते कात्रण मी इतक्या वेळा वाचलं, की घडीवर फाटलं. 'आठ' हा आकडा मी बघितला. उरलेले आठ बघितले नाहीत. सोळा मुलं म्हणजे माझ्या वर्गातली दोन बाकांची रांग, एवढ्यावरून साऱ्या शाळेचा निकाल लावत नाहीत, हेही मला सुचलं नाही.

मग एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक पुस्तिका आणली. कव्हरवर मोठ्या अक्षरात 'हिरवं रक्त' असं होतं. आत लिहिलेलं, की पानातलं हरितद्रव्य आणि माणसाचं हिमोग्लोबिन यांची घडण जवळजवळ एकच, म्हणून हा रस पोटात गेला की त्याचं रक्त होतं. हे वाचून माझ्या अंगावर शहारा आला होता, खोटं कशाला सांगू! सृष्टी निर्माण करणाऱ्यानं गवताच्या पात्यात आणि माझ्या नातवाच्या नसांत एकच गोष्ट ठेवली आहे, यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

त्या पुस्तिकेत अ‍ॅन विगमोर या बाईंचं नाव होतं. लिथुआनियात १९०९ साली जन्मलेल्या, अमेरिकेत गेलेल्या. बोस्टनमध्ये त्यांनी आपली संस्था काढली आणि गव्हाच्या रसाचा जगभर प्रसार केला. गवताची कल्पना त्यांना बायबलमधल्या दानियलच्या पुस्तकावरून सुचली म्हणे. तिथं गवत खाणारा बादशहा आहे, तोच तो ज्याला आपल्याकडे बुख्तनस्सर म्हणतात. त्यांच्याही आधी, १९३० च्या सुमारास, चार्ल्स श्नाबेल या अमेरिकी शेतीतज्ज्ञानं कोवळं गवत कोंबड्यांना घातलं आणि त्या जास्त अंडी द्यायला लागल्या. पुस्तिकेत कोंबड्या होत्या, बादशहा होता, बरे झालेले रोगी होते. एक गोष्ट मात्र नव्हती, ती मला फार पुढं कळली. मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलनी विगमोरबाईंना दोनदा कोर्टात खेचलं होतं. १९८२ मध्ये, त्यांच्या पद्धतीनं मधुमेह्यांचं इन्सुलिन कमी होतं किंवा सुटतं, या दाव्यावरून. आणि १९८८ मध्ये, त्यांचं एक सूप एड्स बरा करतं, या दाव्यावरून.

लोकवन गहू मी बाजारातून आणायचे, खाण्याचाच. पेरणीचं बियाणं मुद्दाम टाळलं, कारण त्याला औषध चोळलेलं असतं. रात्री भिजत घालायचा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायचा, दुसऱ्या दिवशी पांढरे टोचे दिसले की मातीवर दाट पसरायचा. वरून पातळ माती, त्यावर दोन दिवस ओलं गोणपाट. मग उघडायचं आणि सावलीत ठेवायचं. सातव्या-आठव्या दिवशी गवत वितीएवढं होतं. मुळापासून अर्धा इंच वर कापायचं, धुवायचं, थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढायचं आणि मलमलच्या कपड्यातून पिळायचं. एका ट्रेमधून एक पेला. लगेच प्यायचं. उन्हाळ्यात दोनदा पाणी, पावसाळ्यात बुरशीची पीडा. दाण्यांवर पांढरं जाळं धरलं, की अख्खा ट्रे फेकावा लागायचा आणि त्या दिवशी मला नमाजेत चित्त लागायचं नाही.

वास? पाऊस पडून गेल्यावर मैदानातलं गवत कुणी कापत असेल, तसा. चव आधी गोडसर, मग घशात चढणारी. मुन्ना तेव्हा चार वर्षांचा. पहिल्या दिवशी सगळा माझ्या पदरावर उलटला. मग मध घालून बघितला, डाळिंबात मिसळून बघितला, उसाच्या रसातही. त्यानं त्याला नाव ठेवलं 'बकरी का शरबत'. शेवटी तोड निघाली ती अशी, की आधी मी माझा पेला प्यायचा, तोंड वाकडं न करता, मग त्यानं. माझं तोंड वाकडं झालं तर त्याला सुट्टी. मी चार वर्षं तोंड सरळ ठेवलं.

घरोघर खबर गेली. कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला सांधेदुखी, कुणाला नुसताच थकवा, पण पहाटे पेले घेऊन दारात उभे. खरं सांगते, बऱ्याच जणांना बरं वाटायचं. भल्या पहाटे उठून दोन गल्ल्या चालत येणं, रिकाम्या पोटी चहाऐवजी पेलाभर पालेरस घेणं आणि घटकाभर बोलत बसणं, यातलं नेमकं कशानं बरं वाटलं ते मी कसं सांगणार! काकूंच्या यजमानांना मात्र त्यांच्या डॉक्टरांनी थांबवलं. त्यांना हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती, आणि हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं.

मी एक वही केली होती. रक्त दिल्याची तारीख, त्या आधीचं हिमोग्लोबिन, दोन तारखांमधले दिवस. रस सुरू होण्याआधी एकवीस दिवस होते. रस सुरू झाला आणि वहीत चोवीस आले. मग सव्वीस. मग अठ्ठावीस! मी ती वही घेऊन भाईजानकडे गेले, जमातखान्याशेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला दाखवली, त्या कात्रणवाल्या बाईंना दाखवली. त्याच सुमारास एक पावडरवाला घरी येऊन गेला. गव्हांकुराची पावडर, पाव किलोचा डबा, आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी किंमत. डब्यावर हिरवा घुमट छापलेला आणि खाली 'तिब्बे नबवी'. मी विचारलं, गव्हाच्या गवताचा पैगंबरसाहेबांच्या तिब्बशी काय संबंध? तो म्हणाला, "मॅडम, कलौंजीभी मिलाया है." डबा मी घेतला नाही. पण जाता जाता तो म्हणाला, की महिनाभर थांबून बघा, रक्ताची गरजच पडणार नाही. ते वाक्य मात्र मी ठेवून घेतलं.

२००६ च्या उन्हाळ्यात मी लेकीला म्हटलं, "या वेळी जरा थांबू. पोरगा खेळतोय की." तिच्या मनात नव्हतं. पण माझ्याशी वाद घालणं तिला कधी जमलंच नाही. चौतिसाव्या दिवशी मुन्ना जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला आणि उठेना. ओठ कागदासारखे. रिक्षातून नेलं. हिमोग्लोबिन ५.८.

डॉक्टरांनी माझी वही मागून घेतली. सगळी पानं उलटली. ती माझी होती, म्हणून तिच्यात दिवस ठळक अक्षरात होते आणि हिमोग्लोबिन बारीक अक्षरात. ९.४, ८.७, ७.९, ७.१. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, अंतर वाढलेलं नाही. तुम्ही वाट बघण्याचे दिवस वाढवलेत." पुढं त्यांनी समजावून सांगितलं. रक्त कमी पडलं, की हाडांतला मगज रक्त तयार करायला जिवाच्या आकांतानं धडपडतो, फुगतो. गालाची आणि कपाळाची हाडं वर येतात, प्लीहा वाढते. म्हणून रक्ताची पातळी नऊ-साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचीच नाही, मूल खेळत असलं तरी. तो खेळतोय हे त्याच्या हृदयाच्या जिवावर.

त्या वर्षीच्या ईदचा फोटो आमच्या कपाटात आहे. शेरवानी घातलेला मुन्ना आणि त्याच्या गालाची हाडं. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला दिसतं.

डॉक्टरांनी रस बंद करायला सांगितला नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. म्हणाले, "द्यायचा तर द्या, स्वच्छ धुऊन, बुरशी लागलेला चुकूनही नको. गाडीवरचा तर अजिबात नको, हे कच्चं असतं, मातीतलं असतं, या पोरांना जंतुसंसर्ग परवडत नाही. पण तारीख मी ठरवीन." मग त्यांनी 'हिरव्या रक्ता'चंही सांगितलं. घडण सारखी आहे हे खरं. पण हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, हिमोग्लोबिनच्या मधोमध लोह. अंगठीचा घाट तोच, खडा वेगळा. आणि आपल्या पोटात कुणी सोनार बसलेला नाही, की एक खडा काढून दुसरा बसवेल. शिवाय मुन्नाला लोह कमी नव्हतंच, उलट भरपूर होतं. प्रत्येक पिशवीबरोबर ते शरीरात येतं आणि बाहेर जायला वाट नसते. काळजात, यकृतात साठतं. ते काढायला रात्र-रात्र पोटाच्या कातडीखाली सुई लावून पंप चालवावा लागे, नाहीतर कॅप्सूल. त्यानं बनत नव्हतं ते हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, आणि ते कुठल्या पाल्यात नसतं.

मग मी वही दुसऱ्या पद्धतीनं लिहायला लागले, दोन्ही आकडे सारख्या अक्षरात. वर्षभर. तारीख डॉक्टरांची, रस माझा. रक्त आधीइतकंच लागलं. आणि माझं स्वतःचं? वर्षभर रोज पेलाभर रस पिऊन माझं हिमोग्लोबिन १०.१ वरून १०.३ वर आलं. एवढा फरक तर तपासणाऱ्या यंत्रातही पडतो.

तरी ट्रे चालूच होते. इथं मला माझंच कळत नव्हतं. कळूनही कात्री घेऊन वर जायचे. आता वाटतं, पहाटेचा तो तास मला हवा होता. लेकीला जे बोलून दाखवता येत नव्हतं, ते मी मातीत पेरत होते आणि सात दिवसांनी पेल्यात घालून तिच्या मुलापुढं धरत होते.

सप्टेंबर २००९ मध्ये, गणपतीत, मिरजेत दंगल झाली. रमजान चालू होता. संचारबंदी लागली आणि तिच्यातच मुन्नाची तारीख आली. घराबाहेर बुटांचे आवाज, रस्ते ओस. मी गच्चीवर गेले तेव्हा सातही ट्रे गच्च भरलेले होते, कारण पहाटे येणारं कुणी दोन दिवस आलंच नव्हतं. इतकं हिरवं मी त्या गच्चीवर कधी बघितलं नव्हतं. आणि खाली मुन्ना पांढरा पडून निजलेला. रक्तपेढीतला साठा संपत आलेला, बदली रक्त देणारा माणूस घेऊन या म्हणाले. जावयानं मागच्याच महिन्यात दिलेलं. काकूंचा थोरला मुलगा कठड्यावरून आमच्या गच्चीत उतरला, ट्रे ओलांडून. "चला, मी येतो" म्हणाला. पोलिसांना कागद दाखवत दोघं मुन्नाला घेऊन गेले. संध्याकाळी इफ्तारच्या वेळेला परतले तेव्हा मुन्नाचे ओठ लाल होते आणि काकूंच्या मुलाच्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. मी त्याच्या हातावर खजूर ठेवला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी नेहमीप्रमाणे पेला पुढं केला. मुन्ना आठ वर्षांचा होता. पेल्याकडे न बघता माझ्याकडे बघत तो म्हणाला, "नानी, आज नै पिया तो तू रोएगी क्या?"

मी पेला मोरीत ओतला. दुसऱ्या दिवसापासून गहू भिजत घातला नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांचा अभ्यासही २००९ सालचाच, त्यांना थॅलसेमियाच्या मुलांत या रसानं रक्ताची गरज कमी झालेली आढळली नाही. मला तो पुढं डॉक्टरांकडून कळला. वाचून धक्का बसला नाही. माझ्या वहीत तेच होतं.

मला कुणी आजही विचारतं, बाई, गव्हांकुर चांगला की वाईट? मी म्हणते, पालेभाजी कधी वाईट असते का? त्यात जीवनसत्त्वं आहेत, हरितद्रव्य आहे, पाणी सर्वात जास्त आहे. कोथिंबीर, मेथी, शेपू यांच्याच घराण्यातला समजा, फक्त या मंडळींचा कुणी एवढा बोलबाला केला नाही. इस्राएलमध्ये २००२ साली मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या आजाराच्या तेवीस रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, त्यात महिनाभर रस घेणाऱ्यांचा त्रास कमी झाला. तेवीसच माणसं, पण नीट तुलना करून केलेला. हे मी आनंदानं सांगते. आवडत असेल तर प्या, घरी लावा, दहा-वीस रुपयांचं काम आहे. डबे विकत घेऊ नका. आणि चालू असलेलं औषध एका दिवसासाठीही पुढं ढकलू नका. या शेवटच्या वाक्याला माझा आवाज थोडा चढतो. समोरच्याला वाटतं, बाई रागावल्या.

मुन्ना आता चोवीस वर्षांचा आहे. आता पंप नाही, पाण्यात विरघळवून घ्यायची गोळी आहे. २०१६ च्या कायद्यात थॅलसेमिया दिव्यांगत्वात धरला गेला, त्याचं प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. बी. कॉम. झाला, एका दुकानाचे हिशेब बघतो. दर वीस-एकवीस दिवसांनी सकाळी जातो, संध्याकाळी येतो. स्वतःची वही स्वतः ठेवतो, मोबाइलमध्ये.

त्याच्या पाठची बहीण २००४ ची. लेकीला दिवस गेल्यावर अकराव्या आठवड्यात मुंबईला नेऊन तपासणी केली होती. तेव्हा घरात मोठा प्रश्न पडला होता, की निष्कर्ष वाईट आला तर काय? भाईजाननी एका जाणत्या मौलानांना विचारलं. मक्केच्या फिक्ह परिषदेनं १९९० मध्येच, गर्भात गंभीर आणि उपाय नसलेला दोष डॉक्टरांनी खात्रीनं सांगितला तर १२० दिवसांच्या आत परवानगी दिली आहे, असं त्यांनी सांगितलं. अल्लाहची मेहेरबानी, ती वेळ आली नाही. पोरगी मायनर निघाली, माझ्यासारखी.

गेल्या वर्षी तिला रिश्ता आला. आमच्याच नात्यातला, लांबचा. मी म्हटलं, आधी मुलाची रक्ततपासणी, हिमोग्लोबिन ए-टू नावाची. एकदाच करायची, सुई टोचायची तेवढीच. मुलाची आई म्हणाली, "आमच्या मुलात खोट काढता का?" नंतर मुलगी मायनर आहे हे कळल्यावर म्हणाली, "तुमच्याच मुलीत खोट आहे." मी चार गोल काढून दाखवले. मुलगा निर्दोष असेल, तर यांच्या पोटी मेजर मूल होऊच शकत नाही, लग्न खुशाल करा. मायनर म्हणजे आजारी नव्हे. मी त्र्याण्णव टक्के हजेरीनं तीस वर्षं शाळा केली. भाईजानचा धाकटा मुलगा दम्मामला आहे. त्यानं फोनवर त्यांना समजावलं, की सौदीत तर २००४ पासून या तपासणीच्या दाखल्याशिवाय निकाह लागत नाही. मुलाचे वडील गप्प ऐकत होते. आठ दिवसांनी त्यांनी एकट्यानं मुलाला नेऊन तपासणी केली आणि कागद आमच्या दारात आणून दिला. मुलगा निर्दोष होता. तरी रिश्ता मोडला, त्याच्या आईच्या मनातून 'खोट' गेली नाही. नातीनं तो कागद बघितला आणि म्हणाली, "नानी, निदान त्याला त्याचं कळलं तरी." दुसरा रिश्ता शोधतोय. या वेळी हा विषय तिनं स्वतः काढायचा असं ठरलंय. 'नाही' म्हणायचं असेल तर तेही तिनंच.

सात ट्रेंपैकी चार गंजून गेले. दोनात मी मेथी आणि कोथिंबीर लावते. सातवा काकू दर वर्षी नवरात्राच्या आधी मागून नेतात. या वर्षी त्यांना मातीचं ओझं उचलवेना, म्हणून मुन्नानं तो भरून कठड्यावरून पलीकडं दिला. गहू घरात होता, तोही दिला. लोकवनच.